माहेरचं तांबं

हिरू ऐनकराच्या हाताला गुण आहे, असं कुंभिवलीच्या त्या कारखान्यात अठरा वर्षं बोललं जात होतं. साहेबापासून वॉचमनपर्यंत सगळेच बोलत. एकट्या सोनुबाईला ते कधी पटलं नाही, कारण तो हात घरी काय दिवे लावतो ते तिने पाहिलं होतं. दुधाचं पातेलं न सांडता उतरवणं त्याला कधी जमलं नाही, आणि त्याने ठोकलेली एक खुंटी घरात सरळ नव्हती. "दुरून डोंगर साजरे," असं ती शेजारणींना सांगायची, आणि सांगताना तिला मनातून बरं वाटायचं. नवऱ्याची चेष्टा करायची तर आधी नवऱ्याजवळ चेष्टा करण्याजोगं मोठेपण असावं लागतं.

कारखाना तसा लहानच. औषधाच्या कंपन्यांना लागणारी एक पांढरी भुकटी तिथे बनायची. त्यासाठी दोन रसायनं एकमेकांना जोडायची असत, आणि ती अशी आडमुठी की वर्षभर एका भांड्यात शेजारी ठेवली तरी एकमेकांकडे ढुंकून बघणार नाहीत. जोडायला तिसरं कुणीतरी लागायचं. त्याला तिथले लोक कॅटलिस्ट म्हणत. ते होतं लोखंडाचं एक मीठ, फेरिक क्लोराइड. म्हणजे पिवळे ओलसर खडे, झाकण उघडं राहिलं तर हवेतलं पाणी पिऊन ओघळणारे. ते थोड्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवायचे आणि मोठ्या बंद भांड्यात, म्हणजे रिअॅक्टरमध्ये, ओतायचे, की झालं. मुंबईच्या कुणा सल्लागाराने ही कृती लिहून दिली होती. ती कागदावर छान जमायची आणि रिअॅक्टरमध्ये हटकून बिघडायची. सुरुवातीच्या बॅचेस हिरूच्या हातूनही फुकट गेल्या. मग एकदाचा त्याचा हात बसला, आणि पुढची अठरा वर्षं एकही बॅच नासली नाही.

हा लौकिक कारखान्याच्या फाटकात थांबला असता तर गोष्ट वेगळी. पण तो हिरूच्या मोटरसायकलवर बसून कडावला घरापर्यंत आला. गावात विहिरीची पहिली कुदळ हिरूच्या हातून मारून घेऊ लागले. कापणीचा पहिला विळा त्याने धरायचा, नव्या म्हशीच्या पाठीवर पहिला हात त्याने ठेवायचा. हिरूही ऐटीत जायचा, धुतलेलं धोतर नेसून जायचा. साधा माणूस, पण या एका गोष्टीचा त्याला अभिमान होता, आणि तो त्याला शोभायचा.

मे महिन्यात तो निवृत्त झाला. त्याच्या जागी आलेला स्वप्नील डिप्लोमा झालेला, कागदावरचं अक्षर न् अक्षर पाळणारा मुलगा. त्याची पहिली बॅच गेली. दुसरी गेली, तिसरीही गेली. गणपती उठले आणि कारखान्याच्या योगेंद्र साहेबांनी कडावला गाडी पाठवली.

त्या सकाळी हिरूने इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी दोनदा केली. सोनुबाई म्हणाली, "जावाय चाललाय जनू." तो हसला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो परत आला, ओटीवर बसला आणि पायातले बूट काढायचे विसरला.

"काय झालं?"

"गेली."

"काय गेली?"

"बॅच. माज्या हातानं केली, समद्यांच्या म्होरं. गेली." मग तळहाताकडे बघत म्हणाला, "हात गेला गं माजा."

सोनुबाईने ते हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला, मग रागावून पाहिलं, मग नुसतीच जवळ बसली. कशाचा काही उपयोग झाला नाही. हिरू तळहात मांडीवर उताणा ठेवून त्याच्याकडे बघत बसायचा. कापणीचा पहिला विळा धरायला शेजारचा किशोर बोलवायला आला, तर हिरू आतूनच म्हणाला, "दुसऱ्या कुनाला ने रं, माज्या हातचं आता बरं नाय." तेव्हा मात्र सोनुबाई घाबरली. माणसाचा पगार बंद झालेला तिने पाहिला होता, त्याचं काही वाटत नाही. पण आपला माणूस आपल्याच हाताला भिऊ लागला तर पुढचं आयुष्य कसं काढायचं, हे तिला समजेना. तिला बाकी काही नको होतं. त्याचा हात त्याला परत मिळावा, एवढंच.

रविवारी दुपारी खालापूरहून रूपा आली, हेल्मेट काखेत धरून. पोस्टातल्या प्रबुद्ध जाधवांची ही मुलगी, एमएस्सी करून चार वर्षं कारखान्याच्या लॅबमध्ये होती. पहिल्या दिवशी ती रिअॅक्टरपाशी बावरून उभी होती, तेव्हा कुठल्या नळीपासून चार हात लांब राहायचं ते हिरूनेच तिला दाखवलं होतं. कारखान्यात तो तिला मॅडम म्हणायचा आणि घरी पोरी. ती दोन्हीकडे काकाच म्हणायची.

"काका, मला सगळं पहिल्यापासून सांगा," ती वही उघडून म्हणाली. "तुम्ही नोकरीत असताना करायचात ते, आणि या वेळी केलंत ते."

हिरूने सांगितलं. त्याचा आवाज देवळात गाऱ्हाणं घालावं तसा खाली गेला होता. "खडे तोलायचे, अर्धा किलो. ते भांड्यात घ्यायचे, वर सॉल्व्हंट. लाकडाच्या दांडीनं ढवळायचं. काळ्या चहासारका रंग आला की भांडं कट्ट्यावर ठेवायचं. मंग मी तापमान लिवून यायचो, व्हॉल्व बगून यायचो. तवर गाळ खाली बसतो. मंग ओतायचं."

"किती वेळ ठेवायचात कट्ट्यावर?"

"धा मिनिटं."

"आणि या वेळी?"

"धाच. येक पाऊल चुकलो नाय पोरी. पायजे तर स्वप्नीलला इचार."

रूपाने सगळं लिहून घेतलं आणि पेन गालावर टेकवून बसली. तिला काहीच सापडलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. सोनुबाई ताक घेऊन बाहेर आली. नवऱ्याचा तो खालचा आवाज ऐकून तिचं डोकं आधीच फिरलं होतं, आणि राग काढायला कारखान्याचं माणूस आयतंच समोर होतं.

"यांना इचारून काय व्हनार? मला इचार. अठरा वर्सं माजी भांडी खाल्ली तुमच्या कारखान्यानं, तेचं कोन लिवनार वहीत?"

"अगं, गप की," हिरू म्हणाला.

"कसली भांडी, मावशी?"

"गडू. तांब्याचा. वर्साला येक." सोनुबाई उंबऱ्यावर बसली आणि सुटलीच. दर दसऱ्याच्या आधी झिजलेला गडू कर्जतच्या बाजारात मोडीला द्यायचा आणि नवा आणायचा, ही तिची रीत. दुकानदार जुना गडू तराजूत टाकायचा आणि दरवर्षी तोच विनोद करायचा, की वहिनी, गेल्या साली नेला तेव्हा किलोभर होता, आता पाऊणच भरतो, पावकिलो तांबं तुम्ही भाजीत घातलंत काय. मोड कमी पडली की त्यात भर घालावी लागे. म्हणून तिने आधी माहेरची परात दिली, मग कळशी, आणि सरतेशेवटी घागर. "माज्या बापानं दिल्याली घागर. दोगी जावा मिळून उचलायचो आमी."

रूपाच्या हातातलं पेन थांबलं. "पावकिलो? दरवर्षी?"

"तराजू काय माज्या बापाचा हाय? बाजारातला हाय."

"काका, वर्षाला बॅच किती व्हायच्या?"

"चोवीस. कदी पंचवीस."

"दहा ग्रॅम," रूपा स्वतःशीच म्हणाली. मग तिने हिरूकडे पाहिलं. "पण काका, कागदावर तर प्लास्टिकचा जग लिहिलाय."

हिरू ओशाळला. "तो पैल्याच वर्सी गरम सॉल्व्हंटनं मऊ पडला. दांडा निगाला, समदं पायावर सांडलं. मंग स्टीलचं नेऊन बगितलं, दोन म्हैन्यांत भोकं पडली. मंग हिनं गडू दिला."

तो दिवस सोनुबाईला लख्ख आठवत होता. नवरा लंगडत घरी आला, पायाची साल निघालेली, आणि उद्या परत तसलाच जग धरणार होता. ती फडताळाकडे गेली, लग्नातला गडू काढला आणि त्याच्या पिशवीत घातला. भांडं गेलं तर जाऊ दे, पाय राहू दे, असं म्हणाली होती. त्यानंतर तिने भांड्यावरून कुरकुर केली, पण एक दसरा चुकवला नाही.

"मग या वेळी गडू का नाही नेलात?"

"आता आत घरचं कायच नेऊ देत नाय गं. जेवनाचा डबासुदिक भायेर ठेवत्यात. त्यांनी नवा जग हातात दिला, चांगला जाड हाय. मला वाटलं, भांड्याचं काय येवढं."

शेवटचा गडू तुळशीपाशी होता. रूपाने तो उचलून आत पाहिलं. बाहेरून काळपट पडलेलं भांडं आतून नुकतं घासल्यासारखं गुलाबी होतं, आणि काठ इतका पातळ झाला होता की बोटाने दाबला तर वाकला असता. तिने तो रुमालात गुंडाळला, डिकीत ठेवला आणि ताक तसंच टाकून निघून गेली.

ती गेली आणि सोनुबाईच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो. शाळा तिने चौथीतच सोडली होती, पण अक्कल शाळेत सोडली नव्हती. गुण जर गडूचा निघाला तर हाताचा नाही, हा हिशोब तिला रूपाच्या आधी सुटला. आठ दिवस ती म्हशीला पाणी दाखवताना, भात वाळत घालताना एकच धरून बसली, की देवा, गडूचं काही निघू देऊ नको. आपल्या माहेरच्या भांड्याविरुद्ध नवस बोलणारी कडाव गावात ती पहिलीच असेल.

पुढच्या रविवारी स्कूटीचा आवाज आल्याबरोबर ती धावत अंगणाच्या फाटकापाशी गेली. रूपाचा चेहरा उजळलेला होता. तो पाहूनच सोनुबाईला कळलं.

"गडूच ना?"

"हो मावशी! चार फ्लास्क लावले..."

"हळू बोल." सोनुबाईने तिचा दंड धरला. "माजं येक काम कर. त्यांना सांग, हातच व्हता. आजाराचं काय तरी सांग, हवेचं सांग. तुमी शिकल्याली मान्सं, तुमाला काय बी सांगता येतं. पन गडूचं नाव काडू नको. तेवडंच हाय गं त्यांच्याजवळ."

रूपाचा उजळलेला चेहरा पडला. "मावशी, मी काकांशी खोटं बोलले तर ते ओळखतील. मला रिअॅक्टरपाशी खरं बघायला त्यांनीच शिकवलंय."

"तितं खरं बग. हितं कशाला?"

रूपाने ओटीकडे पाहिलं. तोवर हिरूच ओटीवर येऊन उभा राहिला होता. "काय कुजबुज चाललीया? सांग पोरी, काय असंल ते सांग."

मग तिने सांगितलं. नुसत्या फेरिक क्लोराइडने काही झालं नाही. ते गडूत दहा मिनिटं ठेवून घातलं तर जोडणी झाली. नव्या प्लास्टिकमध्ये विरघळवून त्यात तांब्याच्या मिठाची निळसर-हिरवी चिमूट टाकली, तरी झाली. शेवटी तिने लोखंडाचं मीठ घातलंच नाही, नुसती ती चिमूट घातली, तरीही झाली. "फेरिक क्लोराइड तांब्याला खातं, काका. ते गडूतलं तांबं खायचं आणि त्याचं मीठ करून रिअॅक्टरमध्ये न्यायचं. अठरा वर्षं काम तांबं करत होतं आणि नाव लोखंडाचं होत होतं. तेच जोडून द्यायचं आणि स्वतः बाजूला व्हायचं."

"मंजी सोयरीक जमवनारा मानूस," सोनुबाई म्हणाली. तिला गप्प बसवेना. "लगीन लागलं की त्याला कोन इचारतंय."

हिरूने मात्र भलतंच विचारलं. "पोरी, ते तांबं औषधात गेलं? कुनाला बाधलं तर नसंल?"

"नाही काका. शेवटच्या धुलाईत ते उतरतं. मी अठरा वर्षांचे तपासणीचे कागद काढून पाहिले, एकाही लॉटमध्ये हद्दीबाहेर नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्याने मोठा श्वास सोडला आणि ओटीच्या खांबाला टेकून खाली बसला. तळहात पुन्हा मांडीवर उताणा झाला. "मंजी माज्या हातात कायच नव्हतं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच सोनुबाईला ते जास्त लागलं.

ती त्याच्यासमोर जाऊन बसली. "आवं, तोच गडू माज्या बापाच्या घरी व्हता, मंग हितं फडताळात व्हता, तवा त्यात पानीच व्हतं की. औषध झालं का कदी? तुमी नेला तवा झालं."

"मी काय, नुसता धरनारा."

"मंग धरनारा नको का?" तिचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. "त्या स्वप्नीलला कुनी दिला गडू? तुमचा पाय भाजला म्हनून म्या दिला. तुमी व्हता म्हनून दिला. कारखान्याच्या मालकाला दिला असता काय माजा गडू?"

हिरूने तिच्याकडे पाहिलं. इतकं सरळ ती त्याच्याशी कधी बोलली नव्हती, आणि आपण असं काही बोललो याची तिलाही लाज वाटली. तिने पदराने तोंड पुसलं. रूपा अंगणातल्या भाताकडे बघत राहिली.

मग रूपाच म्हणाली, "काका, मला साहेबांना अहवाल द्यायचाय. तांबं सापडलं हे लिहावंच लागेल, नाहीतर स्वप्नीलच्या बॅच जातच राहतील. यापुढे ते बाटलीतून तोलूनच घालायचं आहे. पण ते कसं सापडलं ते लिहायलाच हवं असं नाही. लॅबमध्ये करून बघितलं, एवढं पुरे. तुम्ही घरचं भांडं वापरलंत हे लिहिलं, तर योगेंद्र साहेब नियम मोडला म्हणतील. नाही लिहिलं तर अठरा वर्षं हिरूकाकांचा हात होता, असंच लोक म्हणत राहतील."

सोनुबाईने हिरूकडे पाहिलं. आठ दिवस नवस बोलत होती ते हे आयतं समोर आलं होतं. पोरगी गुणाची निघाली. आता याने नुसतं बरं म्हणायचं होतं.

हिरू उठला, आत गेला. माठातलं पाणी प्यायल्याचा आवाज आला. मग तो परत येऊन उभा राहिला, टोपी नीट करून, साहेबासमोर उभा राहायचा तसा.

"लिव," तो म्हणाला. "नियम मोडला असंल तर मोडला. पन झालं ते झालं तसं लिव. आन भांडं कुनाचं, त्ये बी लिव. अठरा वर्सं समद्यांनी माजा हात धरून शाबासकी दिली. हिला कुनी फाटकाच्या आत बी घेतली नाय."

"आवं, माजं कशाला?" सोनुबाई घाबरलीच.

"तू गप. मी बोलतोय तवर गप." पण हे तो हसून म्हणाला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा हसला.

रूपाने गुडघ्यावर वही घेतली. "लिहिते. तांब्याचा गडू, देणाऱ्या सौभाग्यवती सोनुबाई हिरू ऐनकर, कडाव."

"नाय," हिरू म्हणाला. "तसं नको. त्ये तांबं ऐनकरांचं नाय. लग्नात आलं तवा ती सोनुबाई नव्हती, सोनुबाई आमी क्येली. आवडी लिव. आवडी धर्मा भोईर, मुक्काम वदप."

सोनुबाई हलली नाही. बोहल्यावर नाव बदललं त्याला छत्तीस वर्षं झाली होती. आई होती तोवर आई त्या नावाने हाक मारायची. आई गेली आणि त्या नावाने हाक मारणारं जगात कुणी उरलं नाही. हिरू तिला 'अगं' म्हणायचा, 'ऐकलं का' म्हणायचा. ते नाव त्याच्या ध्यानात असेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं, आणि त्याने तर वडलांच्या नावासकट, गावासकट ते जपून ठेवलं होतं. तिला एकदम आपण वदपच्या अंगणात उभ्या आहोत असं वाटलं, आणि फार रडू आलं, आणि फार बरं वाटलं.

"बरोबर हाय ना गं, आवडी?" हिरूने विचारलं.

तिने मान डोलावली, आणि रूपाने तसं लिहून घेतलं.